४ एमएम प्लायची कयाक: फायबर कापड आणि इपॉक्सी उन्हाळ्यात नेमकं कधी आणि कसं मारावं?

गोदाकाठ_पैठण

नमस्कार मंडळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडात १६ फुटी कयाक बांधायलोय, तारेनं शिवून जोडायची पद्धत. आयएस ७१० चं ४ एमएम मरीन प्लाय संभाजीनगरहून आणलं, फळ्या कापल्या, तांब्याच्या तारेनं शिवल्या, आतल्या सांध्यांत वस्त्रगाळ लाकडी भुसा घातलेलं इपॉक्सी भरून गोलाई दिली, तारा काढल्या, बाहेरच्या कडा रंधा आणि पॉलिश पेपर मारून गोल केल्या. इथपर्यंत सगळं मनासारखं झालंय. आता मेन काम राहिलं, बाहेरून फायबरचं कापड चढवायचं, आणि इथंच गाडी अडली.

उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर ट्रायल घेतली. उन्हाचा ताप नको म्हणून पहाटे उठून साडेसहाला कापड टाकलं, रेझिन झक्कास पसरलं, कापड पार दिसेनासं झालं, पण नऊच्या पुढं बघतो तर कापडाखाली मोहरीएवढे बुडबुडे, नुसता सडा. आणि ज्या डब्यात कालवलं होतं तो हातात धरवेना इतका तापला, तळाला राहिलेलं रेझिन डब्यातच दगड झालं. हार्डनर दुकानदारानं दिला तो फास्ट आहे म्हणे.

तर विचारायचं असं की बुडबुडे काहून आले, काम पहाटे करायचं नाही तर कधी, आत्ताच उरकावं का एखादा पाऊस पडून हवा थंड झाल्यावर, आणि इथले एफआरपीवाले (फायबरग्लासचं काम करणारे) सांगायलेत की इपॉक्सीच्या नादी लागू नका, जीपी (साधं पॉलिएस्टर) रेझिन आणि मॅट (फायबरच्या तुकड्यांची चटई) मारून मोकळे व्हा. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ थंड मुलखातले, ते शेड गरम कसं ठेवायचं ते शिकवतात, आपल्याकडं उलटीच गत. ज्यांनी इकडच्या हवेत हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

वाळूज_एफआरपी

दादा, मी रोज फायबरच्याच कामात असतो, टाक्या, दरवाजे, टपाचे पत्रे. जीपीचा फायदा सांगतो. भाव इपॉक्सीपेक्षा बराच कमी, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट (रेझिन सेट करणारी रसायनं) कमीजास्त करून सेट व्हायचा टाइम हातात ठेवता येतो, आणि अर्ध्या तासात पुढचा थर. लाकडाच्या होडीला चालतच नाही असंही नाही. मिरर नावाची शिवून जोडायची छोटी शिडाची होडी १९६३ मध्ये इंग्लंडात आली, एका वर्तमानपत्राच्या मदतीनं, घरी बांधायच्या किटमधे, आणि तिचे सांधे सुरुवातीला पॉलिएस्टर रेझिन आणि फायबर टेपनंच जोडायचे. जगभर हजारोंनी बांधल्या लोकांनी. प्लाय नीट खरबडून, पूर्ण कोरडं करून मारलं तर बसतं. बजेट कमी असेल तर एवढं मनावर घेऊ नका.

नांदेड_वल्हं

वाळूजवाल्या भाऊंचं मिररचं बरोबर आहे, पण त्या काळी घरगुती बांधणाऱ्याच्या हाती पॉलिएस्टरच होतं हेही तितकंच खरं. नंतर लाकडी होड्या बांधणारे बहुतेक सगळे इपॉक्सीवर गेले त्याला कारण आहे. पॉलिएस्टर सेट होताना जास्त आकसतं, आणि लाकूड ओल धरून फुगतं-आखडतं तसं त्याची पकड सुटत जाते. टाकीला, दरवाज्याला चालतं कारण तिथं फायबर फायबरलाच चिकटलेलं असतं, खाली लाकूड नसतं. कयाकचं प्लाय मुळात ४ एमएम, त्याची निम्मी ताकद वरच्या कातडीत, ती कातडी सुटली तर उरलं काय?

दुसरं वजनाचं. हे मी हिशेब करूनच सांगतो कारण मॅटचा मोह सगळ्यांना होतो. ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट रेझिन पिते स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, म्हणजे एका चौरस मीटरला मॅट आणि रेझिन मिळून दीड किलोच्या आसपास. तुमच्या होडीच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण साडेतीन चौरस मीटर धरा, झाले पाच किलो नुसत्या बाहेरच्या तळाला. त्याऐवजी २०० जीएसएमचं साधं विणलेलं कापड घ्या, ते हातानं नीट मारलं तर जवळपास आपल्या वजनाइतकंच रेझिन घेतं, चौरस मीटरला ४०० ग्रॅम, सगळ्या तळाला १४००. वरचे भरावाचे (विण बुजवायचे) थर धरले तरी निम्म्यात काम. कयाक खांद्यावर घेऊन धरणाच्या गाळातून पाण्यापर्यंत चालायचंय हे ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात पाणी किती आत जातं तुम्हाला सांगायला नको.

आणि मॅट-इपॉक्सी अशी भेळ तर अजिबात नको. मॅटचे तुकडे तंतू ज्या डिंकानं धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिननं विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळं मॅट कडक राहते, वळणावर बसतच नाही. दुकानात रोव्हिंग पण गळ्यात मारतील, तेही नको, ६०० जीएसएमचं जाड पोतं असतं ते. प्लेन विणीचं २०० जीएसएम म्हणूनच मागा, डेकला त्याहून पातळ मिळालं तरी पुरे.

सुतारकी_लातूर

बुडबुड्याचं मी सांगतो, ह्या गोष्टीवर लोकांचं लै काम वाया जाताना बघितलंय म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्हाला वाटलं पहाटे गारवा असतो म्हणून काम सोपं. गारवा असतो खरं पण पारा तिथून वरच चढलालाय न्हवं. लाकडाच्या छिद्रात हवा हाय. सहाला लाकूड गार, त्याच्यावर तुम्ही ओलं रेझिन मारून सगळी तोंडं बंद केली, मग सूर्य वर आला, पत्रा तापला, लाकूड तापलं, आतली हवा फुगली, तिला जायला जागा कुठं? वर. रेझिन अजून ओलंच, म्हणून ती कापडाखाली येऊन बसली. तुमचा हात चुकला न्हाई, घड्याळ चुकलं.

म्हणून हे काम संध्याकाळचं. दिवसभर होडी शेडात तापू द्या, खुशाल तापू द्या, आणि उन्हं उतरली, पत्र्याचा ताव गेला की सुरू करा, साधारण सात-साडेसात. आता पारा उतरलालाय, लाकडातली हवा आकसलालीय, ती उलट रेझिनला आत ओढून घेती. पुढं अख्खी रात्र तुमची, सकाळचं ऊन येईपर्यंत रेझिन धरलेलं असतंय. एक साधा थर्मामीटर होडीच्या खाली लटकवा, दर अर्ध्या तासानं बघा, काटा खाली यायला लागला की मगच डबा उघडा. आपल्याकडं एप्रिलात दुपारचे ४० अन् पहाटेचे २५, एवढी तफावत थंड मुलखात न्हाई, म्हणून त्यांच्या व्हिडिओत ह्याच्यावर जोर नसतोय.

अन् फास्ट हार्डनर आत्ताच परत करा बगा. स्लो घ्या, मिळाला तर एक्स्ट्रा स्लो. डब्यावर जो टाइम लिहिलेला असतो तो २५ अंशाचा असतोय, दहा अंश वाढले की तो निम्म्यावर येतो. म्हणजे ३० मिनिटं लिहिलेली, पैठणच्या शेडात ३५ ला १५ अन् ४० च्या पुढं दहा.

गोदाकाठ_पैठण

काका, हे असं कुणी फोड करून सांगितलंच नव्हतं, आभारी आहे. पहाटेचं कॅन्सल. पण संध्याकाळी दोन अडचणी दिसायल्या. एक म्हणजे ट्यूब लावली की पाकोळ्या आणि किडे झुंबड करतात, ओल्या रेझिनवर ते बसले तर? दुसरं, शेडात सातलासुद्धा घामाच्या धारा, हातमोज्यात पाणी साचतं, म्हणून कूलर लावला तर चालेल का? आणि कापड कोऱ्या लाकडावरच टाकायचं का आधी रेझिनचा एक हात देऊन, वाळवून, मग?

रसायन_परभणी

कूलर अजिबात नको. कूलर ओली हवा फेकतो आणि इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यातून वर एक मेणचट, चिकट पापुद्रा तयार होतो, त्याला ब्लश म्हणतात. डोळ्याला धड दिसतही नाही, हात फिरवला की बुळबुळीत लागतो. त्यावर पुढचा थर किंवा रंग मारला की काही महिन्यांत पोपडे. तुमच्या "पावसानंतर करू का" ह्या प्रश्नाचंही उत्तर ह्यातच आलं, एप्रिल-मेची आपली कोरडी हवा ह्या कामाला जूनपेक्षा कितीतरी चांगली, उष्णता सांभाळता येते, ओल नाही सांभाळता येत. फक्त अवकाळीचा अंदाज बघा, वळीव यायच्या दिवशी संध्याकाळी वावटळ उठते आणि हवा एकदम दमट होते, त्या दिवशी डबा उघडू नका. घामासाठी साधा पंखा, तोही होडीवर नाही, तुमच्या पाठीवर, आणि घामाचा थेंब कापडावर पडू देऊ नका.

ब्लश आलाच तर साधं पाणी आणि स्कॉचब्राइट, बस्स. धुऊन, पुसून, वाळवून मगच पॉलिश पेपर. उलटं केलं, म्हणजे आधी घासलं, तर तो मेणचट थर खरवडलेल्या चरांत आणखी आत जातो. थिनरनं पुसायची सवय असते आपल्या रंगाऱ्यांना, थिनर त्याला नुसता इकडून तिकडं पसरवतो.

आता प्रमाण. ह्यात लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून कळकळीनं लिहितोय. जीपीत कॅटॅलिस्ट कमीजास्त करून टाइम बदलता येतो, इपॉक्सीत नाही. तिथं हार्डनर हा नुसता चालना देणारा नसतो, तो रेझिनशी जोडला जाऊन प्लास्टिकचाच भाग होतो, त्यामुळं कमी पडला तर रेझिन कायमचं चिकट, जास्त झाला तर मऊ आणि पाणी पिणारं. "ऊन जास्त आहे, हार्डनर जरा कमी घालू" हे डोक्यातून काढून टाका. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे का मापाचं तेही नीट वाचा, दोन्ही एक नसतं कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं.

आपल्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये जी जोडी सर्रास असते, एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, तिचं प्रमाण वजनानं १०० ला १०. समजा तुम्ही ५० ग्रॅम रेझिन घेतलं, हार्डनर लागला ५ ग्रॅम, आणि तुमचा किचनचा काटा एक ग्रॅमनं चुकला, तर हार्डनरमध्ये थेट २० टक्के फरक. सोनार वापरतात तसला ०.१ ग्रॅमचा काटा घ्या, ऑनलाइन मिळतो. ही जोडी होडीसाठी मला फारशी पसंत नाही, लवकर सेट होते आणि ब्लशही धरते, पण तीच मिळाली तर निदान काटा तरी चांगला असू द्या. २:१ किंवा ३:१ वाली सिस्टीम मिळाली तर चूक पोटात घालायला वाव जास्त.

एका वेळी १५० ग्रॅमच्या वर कालवू नका. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, आणि लगेच पसरट ट्रेमधे ओतायचं. डब्यात गोळा राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, तापलं की आणखी वेगानं चालतं, म्हणून तुमचा डबा हातात धरवेना. मोठा डबा असता तर धूर निघाला असता. दोन्ही बाटल्या दिवसभर शेडात नको, घरात शहाबादी फरशीवर गार जागी ठेवा.

आणि हात. नायट्राइलचे मोजे, घामानं भरले की बदला, डझनाच्या हिशेबानं आणून ठेवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही, पुढं नुसत्या वासानं अंगावर पुरळ येतं अशी माणसं ह्या धंद्यात आहेत. अंगाला लागलं तर थिनर नाही चोळायचा, तो कातडीच्या आत घेऊन जातो, साबण-पाण्यानं धुवा. घासायच्या वेळी एन९५ मास्क, पूर्ण न सुकलेल्या रेझिनची धूळ तर फारच वाईट.

सुतारकी_लातूर

किड्यांचं सोपं हाय. ट्यूब होडीच्या वर नका लावू, दहा फुटांवर शेडाच्या दारात एक भगभगीत बल्ब लावा, सगळे तिकडं जातेत. होडीपाशी कपाळाला बांधायची बॅटरी. काम झालं की चार बांबू उभे करून वरून मच्छरदाणी सोडा, कापडाला टेकू देऊ नका. एखादा बसलाच तर तसाच राहू द्या, सुकल्यावर पॉलिश पेपरनं जातो, ओल्यात काढायला गेलं की कापड सरकतंय.

कोरं का आधी हात देऊन, ह्याच्यावर दोन्ही बाजूनं बोलणारे हायेत. मी म्हणतो पहिलीच होडी असंल अन् उन्हाळा असंल तर आधी पातळ हात द्या. एका संध्याकाळी नुसतं लाकूड रेझिननं बंद करा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुवा, १२० नं हलकं घासा, कापड टाका. लाकडाची तोंडं आधीच बंद म्हणून कापडाखाली बुडबुडा यायचं कारणच उरत न्हाई, अन् लाकूड कापडातलं रेझिनही ओढून घेत न्हाई. काम एक दिवस वाढतंय, वाढू द्या.

वाळूज_एफआरपी

रसायनवाल्या सरांनी लिहिलं ते पटलं, विशेषतः प्रमाणाचं, आमच्या पोरांच्या हातात कॅटॅलिस्टचाच अंदाज बसलेला असतो. एक सावधगिरी माझ्याकडून, आमच्या धंद्यात कॅटॅलिस्टला सुद्धा हार्डनरच म्हणतात, दुकानात नुसतं "हार्डनर द्या" म्हणालात तर जीपीचा कॅटॅलिस्ट, एमईकेपी, हातात पडेल, त्यानं इपॉक्सी जन्मात सुकणार नाही. आणि कुणी जीपी वापरणारच असेल तर कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमधे पूर्ण ढवळायचा, मग एमईकेपी.

कापड मारायच्या हाताबद्दल मात्र मला बोलू द्या, रेझिन कोणतंही असो, हात तोच.

होडी उलटी, कापड कोरडंच अंथरा, मऊ ब्रशनं मधून कडेकडं सुरकुत्या काढा, कडेला चार बोटं लोंबू द्या. हातात कात्री, घड्याळ, अंगठी काही नको, धागा अडकला की विण ओढली जाते आणि ती सरळ होत नाही. रेझिन मधोमध कण्यावर ओतायचं, टोकाला नाही, आणि प्लास्टिकच्या पुट्टी पट्टीनं कडेकडं ढकलत न्यायचं. पट्टी जवळजवळ आडवी धरा, जोर नको, रेझिनची लाट तुमच्या पुढं चालली पाहिजे. मग दहा मिनिटं थांबा, हात शिवशिवतील, तरी थांबा, कापडाला प्यायला वेळ द्या. पांढुरकं, कोरडं दिसेल तिथं थोडं आणखी. सगळं भिजलं की दुसरी फेरी, आता पट्टी उभी धरा, थोडा जोर, आणि जास्तीचं रेझिन खेचून वेगळ्या डब्यात टाका, ते परत वापरायचं नाही.

बघायचं काय तर चमक. बरोबर लागलेलं कापड ओलसर पण मंद दिसतं, विणीचे बारीक खड्डे उघडे दिसतात. तळ्यासारखी चमक दिसली तर तिथं कापड रेझिनवर तरंगतंय, लाकडाला टेकलेलं नाही, पुढं घासताना तिथलंच कापड कापलं जातं. नवीन माणूस चमक बघून खूश होतो, पण गुळगुळीतपणा पुढच्या थरांतून येतो, ह्या थरातून नाही.

टोकाला, नाकाडावर कापड दुमडतं. तिथं एक चीर द्या, एक पदर ह्या बाजूला, दुसरा त्यावर. त्याच्यावर तिरक्या विणीची दोन-अडीच इंची पट्टी. कापड ४५ अंशात कापलं की पट्टी वळणावर आपोआप बसते, सरळ कापलेली उचलत राहते.

लोंबणाऱ्या कडा अर्धवट सुकल्यावर कापायच्या, रेझिन चामड्यासारखं चिवट झालं की नवीन ब्लेडनं एका झटक्यात. पूर्ण सुकलं की ग्राइंडर लावावा लागतो.

नांदेड_वल्हं

ह्यात एवढंच जोडतो, भरावाचे थर त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पहिला थर बोटाला चिकटत नाही पण नख दाबलं की वण उठतो, त्या अवस्थेत दुसरा मारला की दोन्ही थर रसायनानंच एकजीव होतात, मधे घासायची गरज नाही. ती वेळ हुकली तर पूर्ण सुकू द्या, धुवा, घासा, मग पुढचा. फोमच्या रोलरनं पातळ, दोन किंवा तीन, विण बुजेपर्यंत. नंतर घासताना धाग्यांची जाळी दिसायला लागली की हात थांबवा, तिथं कापड कापलं जायलंय.

गोदाकाठ_पैठण

ठरलं मग. स्लो हार्डनर मागवतो, २०० जीएसएम कापड, सोनाराचा काटा, आधी पातळ हात, सगळं संध्याकाळी. तसाच एक तुकडा आधी ट्रायल करतो. शेवटचं एक, वर लाकूड दिसावं म्हणून नुसतं वॉर्निश मारायचा विचार आहे, का गडद निळा रंग?

रसायन_परभणी

नुसतं इपॉक्सी उन्हात ठेवलंत तर पिवळं पडून खडूसारखं सुटायला लागतं, अतिनील किरणं त्याला सोसत नाहीत. वॉर्निश मारायचं तर डब्यावर यूव्हीचं म्हणून लिहिलेलंच, चार-पाच हात, आणि दरवर्षी बघून पुन्हा. इपॉक्सी पूर्ण मुरल्यावर मारा, आठवडाभर तरी जाऊ द्या.

गडद रंग मात्र नको. आपण घरी ज्या हवेत इपॉक्सी सुकवतो ते साधारण ५० ते ६० अंशाला मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उघड्यावर ठेवलेला गडद निळा पृष्ठभाग त्याच्या वर सहज जातो. मग आतली विण वर उमटते, होडी लाकडी घोड्यावर (स्टँडवर) ठेवली असेल तर टेकूचा दाब पडतो. पांढरा, फिकट पिवळा, मोतिया असलं काही घ्या. लाकूड दाखवायचंच असेल तर फक्त डेकला वॉर्निश, तळ पांढरा, आणि ठेवायची सावलीतच, गाडीच्या टपावर दिवसभर नाही.

नांदेड_वल्हं

आणि पाण्यात न्यायच्या आधी वनखात्याकडं चौकशी करा, जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, कुठून उतरता येतं आणि कुठं जायचं नाही ते विचारून घ्या, फ्लेमिंगो हिवाळ्यात उथळ पाण्यात उतरतात तिकडं तर फिरकूच नका. नाथसागर दिसतो शांत पण दुपारनंतर वारा सुटला की मोकळ्या पाण्यात चांगल्या लाटा उठतात. पुढच्या-मागच्या कप्प्यांचे आडवे पडदे हवाबंद झालेत का ते डेक बसवायच्या आधी पाणी ओतून तपासा, डेक बसल्यावर आत हात जात नाही. लाइफ जॅकेट पहिल्या दिवसापासून अंगात, काठाजवळ असलात तरी.

गोदाकाठ_पैठण

पडद्यांचं बरं झालं सांगितलं, डेक अजून मोकळंच आहे, उद्याच पाणी भरून बघतो. ट्रायलचा तुकडा झाला की फोटो इथंच टाकतो, बुडबुडे आले तरी आणि नाही आले तरी.